टायचा १०८ आणि आप्पांचा बिल्ला

२०२२ च्या ऑगस्टमध्ये, माझा मुलगा सहा वर्षांचा असताना, आम्ही पहिल्यांदा स्पीडवे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची मोटरसायकलची शर्यत, बघितलं. पोलंडमधल्या आमच्या व्रोत्सवाफच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर ग्रां प्री, म्हणजे जागतिक स्पर्धेची एक फेरी, होती. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी आमचीही तिकिटं काढून ठेवली होती, कारण त्यांच्या मते या गावात राहून झुझेल न बघणं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाला न जाणं. अर्थात त्यांनी उपमा दुसरी दिली होती, पण मला ऐकू आली ती हीच.

पोलंडमध्ये स्पीडवेला झुझेल म्हणतात. झुझेल म्हणजे कोळसा जळून उरलेला खंगर. पूर्वी त्याचाच ट्रॅक करायचे. आता माती वेगळी असते, नाव तेच राहिलं. चार रायडर, चार फेऱ्या, सगळा मामला जेमतेम एका मिनिटाचा. ५०० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, इंधन मिथेनॉल, गिअर एकच, आणि ब्रेक नाही. वळणावर गाडी आडवी घालून, मागचं चाक घसरवतच वळायचं. मिथेनॉलचा तो गोडसर, नाकात बसणारा वास मला आता विट्याच्या एसटी डेपोतल्या डिझेलच्या वासाइतका ओळखीचा झालाय.

त्या रात्री ग्रां प्री डॅन ब्यूलीने जिंकली, पाठीवर ९९. मुलाने मात्र टाय वॉफिंडेन या ब्रिटिश रायडरचा १०८ चा टी-शर्ट घ्यायला लावला, कारण १०८ त्याला घरात रोज दिसायचा. माझी जपमाळ त्याने कितीदा मोजली होती, आणि गावी गेलो की ‘१०८ ला फोन कर’ म्हणजे काय तेही त्याला ठाऊक होतं. वॉफिंडेनचा जन्म १० ऑगस्टचा. दहा-आठ.

पुढच्या सीझनला आजोबांनी आम्हाला लीगच्या मॅचला नेलं. तेच स्टेडियम, तोच वॉफिंडेन, आपल्या व्रोत्सवाफच्या टीमकडून. मुलगा तो टी-शर्ट घालून कठड्याला चिकटून उभा. रायडर ओळखपरेडीला आले आणि हा एकदम गप्प झाला. मग माझा हात ओढून म्हणाला, “आई, हा टाय नाहीये. ह्याच्या पाठीवर १०८ नाही.”

खरंच नव्हता. पाठीवर साधा, मोठ्ठा, प्रोग्रॅममधला नंबर होता.

आजोबांनी तेव्हा जे समजावलं ते कळायला मला दोन-तीन मॅच लागल्या. लीगमध्ये नंबर माणसाचा नसतो, जागेचा असतो. पोलंडच्या लीगमध्ये पाहुण्या टीमला १ ते ८ आणि यजमानांना ९ ते १६. त्यातले ६, ७ आणि १४, १५ हे ज्युनियर पोरांचे. दुसरी हीट, म्हणजे मॅचमधली दुसरी शर्यत, याच चौघांची, पाहुण्यांचे दोन आणि घरचे दोन. कुठल्या नंबरने कुठल्या हीटमध्ये कुणाविरुद्ध आणि कुठल्या गेटवरून सुटायचं हे आधीच छापलेलं असतं. म्हणजे मॅनेजर ज्याला १३ देतो त्याला १३ ची सगळी कामं लागतात. पुढच्या रविवारी तोच गडी ९ असू शकतो. नंबर म्हणजे त्या दिवसाची ड्युटी.

ड्युटी हा शब्द मनात आला आणि मला एकदम आप्पा आठवले.

आमचे आप्पा विटा डेपोला कंडक्टर होते. एकतीस वर्षं. रोज संध्याकाळी डेपोतल्या बोर्डावर दुसऱ्या दिवसाचा चार्ट लागायचा आणि आप्पा घरी येऊन आईला शेड्यूल नंबर सांगायचे. त्या एका नंबरात सगळं आलेलं असायचं. गाडी पहाटे किती वाजता निघणार, कुठल्या गावाला जाणार, मुक्कामी आहे का, डबा दोन वेळचा बांधायचा का. आज एक शेड्यूल, उद्या दुसरं. त्यात आप्पांचं असं काही नव्हतं. ते ज्याच्या वाट्याला येईल त्याचं.

आणि त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशावर बिल्ला. पितळी, गोल, वरची अक्षरं झिजत आलेली, मधोमध नंबर ७३१२. तो एकतीस वर्षांत बदलला नाही. डेपोत नावाचे तीन-तीन पाटील आणि चार-चार जाधव असायचे, त्यामुळे हिशेबाच्या खिडकीतून हाक यायची ती बिल्ल्याची. “बहात्तर तेहतीस आलेत का? त्र्याहत्तर बारा, वे-बिल द्या.” दर रविवारी आई तो चिंचेच्या कोळाने घासायची आणि मी उन्हात धरून त्यात चेहरा बघायचे. एकदा बिल्ला धुवायला टाकलेल्या शर्टाला राहिला, तर आप्पा अर्ध्या वाटेवरून चालत परत आले होते. तिकिटांचा ट्रे उद्या दुसरा मिळेल, बिल्ला तो एकच, असं म्हणाले.

पाठीवरचा नंबर आणि छातीवरचा बिल्ला. माझ्या डोक्यात हे दोन कप्पे झाले आणि मग झुझेल मला समजायला लागलं.

ग्रां प्रीचीही गोष्ट तशीच आहे. ही जागतिक स्पर्धा १९९५ पासून ग्रां प्रीच्या रूपात होते. २०१३ पर्यंत तिथे पाठीवरचा नंबर म्हणजे क्रमवारी होती. गेल्या वर्षीचा विजेता १, उपविजेता २, असं उतरत जाणार. वाइल्ड कार्डला, म्हणजे आयोजकांनी थेट आत घेतलेल्या रायडरला, १६, राखीव दोघांना १७ आणि १८. वर्षभर तुमच्या पाठीवर तुमचं गेल्या वर्षीचं प्रगतिपुस्तक. पाय मोडून अर्धा सीझन घालवलेला माणूस पुढच्या वर्षी उतरायचा तो पाठीवर ११ किंवा १२ घेऊन. वॉफिंडेन २०१३ मध्ये अख्ख्या सीझनच्या वाइल्ड कार्डवर आत आला आणि थेट जगज्जेता झाला. जुन्या पद्धतीने २०१४ मध्ये त्याला १ मिळाला असता. पण त्याच वर्षी रायडरांना आपापला कायमचा नंबर निवडायची मुभा मिळाली आणि जगज्जेता १०८ होऊन उतरला. (फॉर्म्युला वनमध्येही कायमचे नंबर त्याच वर्षी आले.)

लोकांनी काय काय निवडलं ते बघण्यासारखं आहे. एमिल सायफुत्दिनोव्ह १९८९ चा, त्याचा ८९. पात्रिक दुदेक जून १९९२ चा, त्याने तीन आकडी ६९२ घेतला. बार्तोश झ्मार्झलिक १९९५ चा, त्याचा ९५. अमेरिकेच्या ग्रेग हॅनकॉकने ४५ घेतला आणि तो पाठीवर घेऊन २०१४ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, जगज्जेतेपद मिळवलं. आमच्या व्रोत्सवाफच्या माचेइ यानोव्हस्कीचा ७१. या गावात दाराच्या पायपुसण्यावरसुद्धा ७१ बघितलाय मी.

नंबर टोप्या आणि मफलर विकायला बरे पडतात, हे उघड आहे. त्यात मला काही वाईट दिसत नाही. सांगली-कोल्हापूरकडे ज्या पोराने आयुष्यात मोटोजीपीची एक रेस बघितली नाही, त्याच्याही पल्सरवर पिवळा ४६ असतो. तो रोस्सीचा आहे, आणि रोस्सीने तो आपल्या वडिलांकडून घेतलेला आहे. तो आकडा विकला गेला म्हणून त्यातलं बापलेकाचं नातं काही कमी झालं नाही.

मला खरी मौज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. रेस चालू असताना नंबर कुणाला दिसतच नाही! पहिल्या वळणानंतर पुढच्याच्या चाकातून उडालेली माती मागच्या तिघांवर बसते. छाती, चष्मा, गाडी, सगळं एका रंगाचं. ओळखायचं ते हेल्मेटच्या रंगावरून. प्रत्येक हीटच्या आधी हेल्मेटवर कापडी टोपडं चढवतात, लाल, निळं, पांढरं किंवा पिवळं. लीगमध्ये घरच्यांना लाल-निळं, पाहुण्यांना पांढरं-पिवळं. आजोबा कधीच “यानोव्हस्की पुढे आहे” असं ओरडत नाहीत, “लाल! लाल!” ओरडतात. मग या नंबराचा उपयोग काय?

उपयोग रेस संपल्यावर आहे. रायडर पिट्सकडे परत येतो, पाठ आपल्याकडे होते, आणि मातीच्या थराखालून आकड्याचा अर्धा भाग दिसतो. कठड्याशी उभी असलेली पोरं तेव्हा ओरडतात ती त्या आकड्याच्या नावाने. मी आप्पांना स्टँडवर बघायचे ते असंच. गाडीच्या गर्दीतून, धुळीतून उतरायचे आणि बिल्ला चमकायचा. गाडी कुठून आली ते मला ठाऊक नसायचं. बिल्ला ठाऊक असायचा.

आणि गंमत म्हणजे ग्रां प्रीतही तो ‘ड्युटीचा’ नंबर गेलेला नाही. जाऊच शकत नाही. सोळा रायडर, वीस हीट, प्रत्येकाच्या पाच. प्रत्येक हीटमध्ये तीन प्रतिस्पर्धी, म्हणजे पाच त्रिक पंधरा. बरोबर पंधराच जण उरतात. वेळापत्रक असं विणलेलं आहे की प्रत्येक जण प्रत्येकाला एकदा आणि एकदाच भिडतो. हे मी रात्री कागदावर मांडून बघितलं आणि शाळेत नववीत भूमितीचं प्रमेय पहिल्यांदा सुटल्यावर झाला होता तसा आनंद झाला. या विणकामासाठी १ ते १६ लागतातच. म्हणून ९५ पाठीवर असला तरी प्रोग्रॅममध्ये झ्मार्झलिक त्या रात्रीपुरता १ ते १६ पैकी कुणीतरी असतो. हल्ली सराव-पात्रतेत जो सगळ्यात वेगवान, त्याला ही जागा आधी निवडता येते. कुठल्या नंबराला आतलं गेट किती वेळा आणि कधी मिळतं, ट्रॅक ठीकठाक केल्यावर लगेच कोण सुटतं, याचा हिशेब करून ते निवडतात. शेड्यूल आणि बिल्ला, दोन्ही एकाच अंगावर.

अंगावर काय घालायचं हा इथे खेळ नाही, हेही मी बघितलं. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या वोयेन्सला झ्मार्झलिकने पात्रता फेरीत ठरवून दिलेला सूट न घालता दुसराच घातला, आणि त्याला त्या अख्ख्या ग्रां प्रीतून बाद केलं. जगज्जेतेपद हातातोंडाशी आलेलं असताना! आमच्या जिन्यात दोन दिवस सुतक असल्यासारखं होतं. पुढच्या तोरुन्यच्या ग्रां प्रीत त्याने ते जिंकलंच. २०२५ मध्ये त्याची सहा जगज्जेतेपदं झाली, ब्रॅडी कर्ट्झपेक्षा फक्त एका गुणाने. आयव्हन मॉगर आणि टोनी रिकार्डसन या जुन्या जगज्जेत्यांचीही सहाच. झ्मार्झलिक अजून ९५ घालतो.

वाइल्ड कार्डचा १६ मात्र मला स्वतंत्रपणे आवडतो. गावातल्याच एखाद्या पोराला एका रात्रीपुरती सोळावी जागा मिळते. त्याच्याकडे स्वतःचा बिल्ला नसतो, बदलीवर आलेल्या माणसासारखा तो उभा राहतो, आणि पहिल्या हीटला स्टेडियम त्याच्यासाठी जगज्जेत्यापेक्षा मोठ्याने ओरडतं.

या स्टेडियमवर बसताना एक नाव मी मनात घेते. ली रिचर्डसन. इंग्लंडचा, ग्रां प्री खेळलेला. मे २०१२ मध्ये जेशुफच्या टीमकडून लीग मॅच खेळायला इथे आला, याच ट्रॅकवर पडला आणि हॉस्पिटलमध्ये त्याने प्राण सोडला. कायमचे नंबर दोन वर्षांनी आले. त्याच्या नावापुढे त्याचा म्हणून लिहावा असा आकडाच नाही, याची मला फार खंत वाटते. आजोबांनी त्या दिवशीचा प्रोग्रॅम जपून ठेवलाय. तो अर्धाच भरलेला आहे.

प्रोग्रॅम भरणं ही इथली पद्धत. प्रत्येक जण पेन घेऊन बसतो आणि हीट संपली की नावापुढच्या चौकटीत गुण लिहितो, ३, २, १, ०. पडला तर त्याचं अक्षर, सुटण्याआधी स्टार्टच्या टेपला शिवला तर त्याचं, इंजिन बंद पडलं तर त्याचं. आजोबांची अक्षरं इतकी सुबक असतात की आमच्या आप्पांचं वे-बिल आठवतं. दर रकान्याची बेरीज खाली, खाडाखोड नाही. माझ्या मुलाने मात्र स्वतःची एक भर घातली. लीगच्या प्रोग्रॅममध्ये जिथे ९, १०, ११ छापलेलं असतं, तिथे तो नावाशेजारी बारीक अक्षरात त्या रायडरचा ग्रां प्रीतला नंबर लिहितो. यानोव्हस्की ७१. ब्यूली ९९. आजोबांना ते पसंत नव्हतं. “प्रोग्रॅम स्वच्छ हवा,” ते म्हणायचे, “लीगमध्ये एकच नंबर.” मी या वादात पडले नाही, कारण मला दोघांचंही पटत होतं.

२०२४ च्या सीझननंतर वॉफिंडेन व्रोत्सवाफ सोडून जेशुफला गेला. बारा-तेरा सीझन इथे काढून. आणि मार्च २०२५ च्या शेवटी क्रोस्नोला, सीझनच्या आधीच्या मैत्रीपूर्ण मॅचमध्ये, भयानक पडला. किती हाडं मोडली ती यादी वाचवत नव्हती. त्या आठवड्यात मी बिल्ला कपाटातून काढून देवापाशी ठेवला. का, ते मला सांगता येणार नाही. आप्पा गेल्यापासून तो माझ्याकडेच आहे.

आमची त्या वर्षातली पहिली घरची मॅच. वॉफिंडेन आता आमच्या टीममध्येही नव्हता, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये त्याचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. मुलगा नेहमीप्रमाणे नावांशेजारी आकडे लिहायला लागला. आजोबांनी आपला प्रोग्रॅम मांडीवर उघडला, पेनाचं टोपण दातांत धरलं, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे काहीच लिहायचं नसतं, तिथे त्या सुबक अक्षरात लिहिलं: १०८. मग पान उलटलं आणि पहिल्या हीटसाठी पेन तयार ठेवलं.