तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं नितळ पाणी, मग मासे कुठे गेले?

नॉर्वेच्या दक्षिण टोकाला, क्रिस्तियानसांदजवळ, आम्ही राहतो. देशातून पाहुणे आले की त्यांना टोवदाल नदीच्या वरच्या खोऱ्यात न्यायचं, हे ठरलेलंच. तिथल्या एखाद्या ओढ्यावर वाकून बघताना जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. माझी मोठी जाऊ मालवणची. तिने तर कोपरापर्यंत हात पाण्यात घालूनच विचारलं, "काय गं, तळाचा खडा न् खडा दिसतोय, आणि मासा एक नाही? एवढ्या चांगल्या पाण्याला झालंय काय?"

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. अशा ओढ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरण्यात माझी बरीच वर्षं गेली. जाऊबाईंना तेव्हा थोडक्यात सांगितलं, पण हा प्रश्न थोडक्यात सांगून संपणारा नाही.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. विहिरीचं पाणी इतकं जड की तूरडाळ शिजता शिजायची नाही. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरायचा आणि आई तो चिंच लावून घासत बसायची. इथे डोंगरात आमचं एक लाकडी घर आहे, तिथे ओढ्याचंच पाणी किटलीत तापवतो. इतकी वर्षं झाली, किटली आतून नवीकोरी आहे. पहिल्यांदा मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. आईला वैताग आणणारा तो थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम, आणि नेमकं तेच इथल्या माशांच्या वाट्याला येत नाही, हे पुढे कामावर लागल्यावर कळलं.

दख्खनचा काळा फत्तर झिजतो तेव्हा पाण्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम सढळ हाताने देतो. आपल्याकडे माती परीक्षणाच्या कागदावर सामू म्हणून जो आकडा असतो, तो आमच्या शेतात आठच्या पुढेच असायचा. सात म्हणजे ना आम्ल ना अल्क. त्याखाली उतरलं की आम्ल. इथे खाली ग्रॅनाइट आणि नीस. हे खडक झिजतात फार सावकाश, आणि देतात फार थोडं. वरून हिमयुगातल्या बर्फाने जुनी माती खरवडून नेलेली. कित्येक उतारांवर वीतभर माती, तिच्यावर शेवाळ आणि पाइनची झाडं, की लगेच उघडा कातळ. पावसाचं पाणी या मातीतून झिरपून ओढ्यात येतं. त्या प्रवासात मातीने त्याला काय दिलं आणि त्याच्याकडून काय घेतलं, यावर खाली मासा जगणार की नाही हे ठरतं. म्हणून माशांचं कोडं सोडवायला मी आधी उतार बघते, ओढा नंतर.

विसाव्या शतकात या उतारांवर पाऊसच बदलला. ब्रिटन आणि मध्य युरोपात कोळसा जळत होता, कारखान्यांची धुराडी उंच होत गेली होती. गंधकाचा धूर वाऱ्यावर समुद्र ओलांडून इथे यायचा आणि सल्फ्युरिक आम्ल होऊन पावसात, बर्फात उतरायचा. आल्फ दानेविग या नॉर्वेजियन संशोधकाने १९५९ मध्येच पावसातल्या आम्लाचा आणि मासे नाहीसे होण्याचा संबंध मांडला होता. पण दुसऱ्या देशाच्या धुराने आपली नदी मरते, हे सर्वांना पटायला आणखी बरीच वर्षं जावी लागली.

पुढचा भाग मी प्रत्येकाला थांबून सांगते, कारण चूक बहुतेकांची इथेच होते. मासे थेट आम्लाने मेले, असं लोक समजतात. आम्ल वाईटच, पण खरा मारेकरी बहुधा त्या मातीतूनच निघालेलं ॲल्युमिनियम असतं. या आम्लातलं सल्फेट मातीतून एकटं जात नाही, जाताना कोणाला तरी सोबत घेऊन जातं. मातीत कॅल्शियम, मॅग्नेशियम होतं तोवर ते वाहून गेलं. हजारो वर्षांत जमलेली ती शिल्लक काही दशकांत फार खाली आली. मग मातीत घट्ट बांधलेलं ॲल्युमिनियम सुटायला लागलं. ते कुठल्या कारखान्याने ओतलेलं नव्हतं, डोंगराचंच होतं. आम्लाने फक्त त्याची गाठ सोडली.

हे पाणी कल्ल्यांतून जातं तेव्हा काय होतं, ते मी भिंगाखाली पाहिलं आहे. कल्ल्याच्या अगदी लगतच्या पाण्याचा सामू थोडा वेगळा असतो, त्यामुळे विरघळलेलं ॲल्युमिनियम नेमकं तिथेच बसतं. मासा ते झटकायला चिकट स्राव सोडतो. निरोगी कल्ला म्हणजे लालभडक, सुटी सुटी, कंगव्यासारखी पातळ पाती. मी पाहिलेल्या माशाची पाती फिकट राखाडी होती आणि एकमेकींना चिकटली होती. सुईने वेगळी करावी लागली. असा मासा गुदमरतो, शिवाय त्याच्या रक्तातलं मीठ कल्ल्यांवाटे पाण्यात निघून जातं. पाण्यात कॅल्शियम असतं तर त्याने कल्ल्यांची त्वचा घट्ट धरून ठेवली असती. म्हणजे जिथे आम्ल जास्त, तिथेच त्यापासून वाचवणारं कमी. याच टोवदाल नदीत १९७५ च्या वसंतात बर्फ वितळलं आणि हजारो ट्राउट मरून पडले. तपासलेल्या माशांच्या रक्तात सोडियम आणि क्लोराइड खूप खाली गेलेलं आढळलं.

वसंतातच का? बर्फाच्या थरात हिवाळाभर साठलेलं आम्ल वितळताना सारखं वाटलं जात नाही. पहिल्या पाण्यातच त्यातलं बरंचसं बाहेर पडतं. मार्च-एप्रिलमध्ये दोन-चार दिवसांत सामू घसरतो. सहावरून पाचवर आला म्हणजे एकानेच उतरला असं वाटतं, पण या मोजमापात एक घर उतरणं म्हणजे आम्ल दहापट होणं. आणि हीच वेळ सामन, म्हणजे सॅल्मन माशाच्या पिल्लांची नाजूक वेळ. शरद ऋतूत वाळूगोट्यांत घातलेली अंडी वसंतात फुटतात, आणि दोन-चार वर्षं नदीत वाढलेली पिल्लं त्याच सुमाराला अंगाने चंदेरी होऊन समुद्राकडे निघायच्या तयारीत असतात. खाऱ्या पाण्यात मीठ बाहेर टाकायची जी यंत्रणा त्यांच्या कल्ल्यांत तयार होत असते, तिला अगदी थोडं ॲल्युमिनियमसुद्धा बिघडवतं. नदीत पिल्लू धडधाकट दिसतं आणि समुद्रात जाऊन मरतं. मेलेलं कोणाला दिसतही नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागतं ते हेच.

टोवदाल आणि शेजारची मांडाल, दोन्ही नद्यांतला मूळचा सामन असाच संपला.

आता जाऊबाईंच्या "चांगल्या पाण्या"कडे येते. तो नितळपणाच कित्येकदा दुखण्याचं लक्षण असतो. आम्ल वाढलं की पाण्यातले शेवाळासारखे सूक्ष्म जीव घटतात, आणि कुजलेल्या पानांतून येणारा तपकिरी अंशही पाण्यात कमी उतरतो. पाणी आरशासारखं होतं, कारण त्यात काही राहिलेलंच नसतं. अलीकडे गंधक कमी झाल्यावर इथली कित्येक तळी कोऱ्या चहासारखी तपकिरी व्हायला लागली आहेत. लोक तक्रार करतात, पाणी गढुळलं म्हणतात. तो तपकिरी अंश ॲल्युमिनियमला बांधून ठेवतो आणि माशाला वाचवतो, हे मी त्यांना हात धरून सांगते.

धूर कमी झाला तो भांडून, बोलणी करून. १९७९ मध्ये जिनिव्हाला देशोदेशींनी हवेच्या प्रदूषणावर करार केला, पुढे एकेक आकडा बांधून घेतला, आणि युरोपातलं गंधक १९८० च्या तुलनेत ८० टक्क्यांहून जास्त उतरलं. माणसांनी ठरवून केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं. पण पाऊस सुधारला म्हणून मातीतली शिल्लक लगेच भरत नाही. ग्रॅनाइट आपल्याच चालीने झिजणार. तोवर एखादं समुद्री वादळही पुरतं. जानेवारी १९९३ मध्ये वादळाने समुद्राचं मीठ आत डोंगरांवर आणून टाकलं, त्यातल्या सोडियमने मातीतलं आम्ल आणि ॲल्युमिनियम ढकलून बाहेर काढलं, आणि नैर्ऋत्य नॉर्वेच्या नद्यांत मासे मेले. साधं मीठ, पण कंगाल मातीवर पडलेलं.

म्हणून नदीला वरून चुनखडी द्यावी लागते. टोवदालमध्ये १९९६ पासून, मांडालमध्ये १९९७ पासून. काठावर धान्याच्या कोठीसारखी उंच टाकी, तिच्यात पिठासारखी दळलेली चुनखडी. पाण्याचा सामू आणि प्रवाह मोजून यंत्र ती मापाने सोडतं. खाली काही अंतर नदी पातळ ताकासारखी दिसते, मग निवळते. पिल्लांच्या दिवसांत सामू सहाच्या थोडा वर राखायचा असतो. यातही एक मेख आहे: चुनखडीचं पाणी आम्ल पाण्यात मिसळत असताना, ॲल्युमिनियम रूप बदलत असतं तेव्हा, काही काळ ते अधिकच घातक असतं. त्यामुळे टाकी कुठे उभी करायची आणि कुठला उपओढा खाली येऊन मिळतो, याचा फार विचार करावा लागतो. पण दोन्ही नद्यांत सामन परत आला आहे. मांडालमध्ये लोक पुन्हा गळ टाकून उभे असतात.

जाऊबाई पुढच्या मे महिन्यात परत येणार आहेत. त्यांना मी आधी त्याच बिनमाशांच्या ओढ्यावर नेईन आणि दगड उलटायला सांगेन. दगडाखाली फारसं काही निघणार नाही. मग टाकीच्या खाली, मुख्य नदीवर. तिथला दगड उलटला की ओल्या बाजूवर तीन शेपट्यांची, तांदळाच्या दाण्याएवढी मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं सैरावैरा पळतात. आम्ल त्यांना अजिबात सोसत नाही. मासे परतलेत की नाही हे बघायच्या आधी आम्ही त्यांनाच शोधतो.

दगड होता तसा परत ठेवायचा, हेही मी त्यांना सांगेन.