लिंबू, खिळा आणि आपल्या नाशिकचा दगड

गेले काही रविवार आमच्या सोसायटीतल्या मुलांना घेऊन गच्चीवर दगड बघत बसते, आठ-दहा जण असतात, तिसरी ते सातवीतले. पहिल्या रविवारी मी चार्ट नेला होता, अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित असं सगळं रंगीत लिहिलेलं. दहा मिनिटांत अर्धी मुलं पतंगांकडे बघायला लागली. मग चार्ट गुंडाळून ठेवला आणि ठरवलं की आता नाव सगळ्यात शेवटी सांगायचं, आधी दगड हातात.

शेजारी एका बिल्डिंगचं खोदकाम चालू आहे, तिथल्या मुकादमांना विचारून गोणीभर तुकडे आणले. काळा दगड, आपला नेहमीचाच, पण जवळून बघितलं तर त्यात बारीक बारीक भोकं आणि काही भोकांत पांढरं काहीतरी चमकणारं. तिसरीतली एक म्हणाली, "काकू, यात मीठ भरलंय." चाटून बघू नका एवढंच मी सांगितलं, मीठ आहे की नाही ते तुम्हीच शोधा म्हटलं.

प्रत्येकाला एक खिळा, लिंबाची फोड, काचेची जुनी बाटली आणि भिंग दिलं. दगड फोडायचं काम मात्र मीच करते, गोणपाटात गुंडाळून आणि डोळ्यांवर चष्मा लावून, कारण या काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, कपच्या फार जोरात उडतात, यात हयगय नकोच.

एका तुकड्यातल्या पांढऱ्यावर लिंबू पिळलं आणि बारीक बुडबुडे यायला लागले! अख्खी गच्ची गोळा झाली. दुसऱ्या तुकड्यावर काहीच नाही, त्याला खिळ्याने ओरखडाही जाईना, उलट त्यानेच बाटलीवर रेघ मारली. आणि तिसरं पंख्यासारखं पसरलेलं, मोत्यासारखी चकाकी, लिंबाला दाद नाही पण खिळ्याने ओरखडा पडला. तिन्ही पांढरीच, पण तीन वेगळे पदार्थ, आणि हे मुलांनी स्वतः शोधलं. मग नावं सांगितली, कॅल्साइट, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, आणि तिसरं स्टिल्बाइट, झिओलाइट नावाच्या खनिजांच्या गटातलं एक. कॅल्साइट आम्लात विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, ते बुडबुडे त्याचे. मोहस नावाच्या शास्त्रज्ञाने 1812 मध्ये याच ओरखड्यांवरून 1 ते 10 अशी काठिण्याची पट्टी केली, त्यात कॅल्साइट 3 वर आणि क्वार्ट्झ 7 वर, हे आता कुणालाच पाठ करावं लागलं नाही.

भोकं कुठून आली हा प्रश्न सोडा वॉटरची बाटली उघडून सोडवला. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरला, त्यातल्या वायूचे बुडबुडे दगड थिजताना आत अडकले, आणि पुढे पाणी झिरपत राहिलं तसं त्या पोकळ्यांत ही खनिजं वाढली. पांडवलेणी याच दगडात कोरलीयत हे ऐकल्यावर एकदम शांतता, कारण तिथे सगळे जाऊन आलेत, दगडाकडे मात्र कुणी बघितलं नव्हतं. असे मोठमोठे सुंदर नमुने सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये आहेत, तिथे नेणारच आहे, पण हाताने फोडलेल्या तुकड्यानंतरच. आधी काचेआडचं दाखवलं तर मुलांना ते दागिने वाटतात, आपल्या पायाखालचं आहे हे कळत नाही.

घरीपण भरपूर आहे हो. शहाबादी फरशी चुनखडकाची, म्हणजे मुख्यतः कॅल्साइटचीच, कडाप्पाही तसाच, देवघरातला संगमरवर म्हणजे भट्टीत घातल्यासारखा उष्णतेने आणि दाबाने बदललेला चुनखडकच. म्हणून तर संगमरवरावर लिंबू सांडलं की डाग पडतो आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर पडत नाही, आपल्या आयांना हे कधीपासून माहितीये.

परवा पाचवीतल्या एकाने घरी आजीचा वरवंटा उलटा करून भिंगाने तपासला, त्यात एक पांढरा ठिपका सापडला. आजी म्हणाल्या, "अरे मसाला वाटायचाय त्यावर." त्याने विचारून एक थेंब लिंबू टाकलं, फसफसलं नाही. त्याने वरवंटा नीट धुवून आजींना परत दिला आणि मला खालूनच ओरडून विचारलं, "काकू, खिळा आहे का तुमच्याकडे?"