कूलर बंद पडला की कान वाजतात

आज जालन्यात दिवसभर एकच तक्रार कानावर: लाइट गेली, कूलर थांबला की कानात रातकिडे सुरू! रातकिडे तेवढेच असतात हो, कूलरच्या घरघरीत दबलेले असतात.

म्हणून रात्री मोबाइलवर पावसाचा किंवा पंख्याचा आवाज लावा. छोटा स्पीकर उशाशी ठेवा, इअरफोन घालून झोपू नका. आवाज किती ठेवायचा, इथंच बहुतेकांचं चुकतं. कानातली कुईं पार बुडवायची नाही. अगदी बारीक आवाजापासून हळूहळू वाढवा, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळायला लागले की त्याच्या किंचित खाली थांबा. कुईं पुसट ऐकू आली पाहिजे, तरच मेंदूला तिची सवय होते. याला महिने लागतात, आठवड्यात हिशोब मागू नका.

ऐकूही कमी येत असेल (रोलिंग मिल, जिनिंगमधली मंडळी!) तर आधी श्रवणयंत्र. भांड्यांचे, चिमण्यांचे बारीक आवाज परत आले की कुईं मागं पडते. खालच्या सुराचं ऐकणं चांगलं असेल तर ओपन डोम (यंत्राचं कानात बसणारं, भोकं असलेलं मऊ टोक) मागा. कान गच्च बुजला की स्वतःचाच आवाज घुमतो, कुईंही वाढल्यासारखी वाटते. उन्हाळ्यात घामानं यंत्र मुकं होतं. रात्री सेल काढून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा. ३१२ नंबरच्या सेलचा तपकिरी स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवा, त्याला हवा लागते.

कानात तेल मात्र नको, आजीनं सांगितलं तरी. एकाच कानात वाजत असेल किंवा नाडीच्या ठोक्यावर धकधकत असेल, तर यंत्राआधी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा. अचानक ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी.