अकिओ जिस्सोजी, क्रमाने : 'अल्ट्रामॅन' ते 'मुजो'

जपानी दिग्दर्शक जिस्सोजींचं काम प्रदर्शनाच्या क्रमाने बघतोय, त्यातला साठच्या दशकातला त्सुबुराया प्रॉडक्शन्स या निर्मितीसंस्थेच्या टीव्ही मालिकांचा टप्पा हातावेगळा झाला. १९५९ मध्ये ते आजच्या टीबीएस वाहिनीत नोकरीला लागले, पण मी सुरुवात केली ती १९६६ च्या 'अल्ट्रामॅन'पासून. राक्षसांशी लढणाऱ्या महाकाय नायकाची ही मुलांची मालिका.

त्यातले सहा भाग त्यांचे. तेविसावा भाग मात्र डोक्यातून जात नाही. जमिला हा राक्षस मुळात अंतराळवीर. पाण्याचा थेंब नसलेल्या ग्रहावर तो अडकतो, त्याचा देश प्रकरण दडपून टाकतो, आणि तो रूप पालटून सूड घ्यायला परततो. अल्ट्रामॅन त्याला मारतो ते पाण्याच्या फवाऱ्याने! ज्या पाण्यासाठी तो तडफडला, त्याच पाण्याने. चिखलात लोळणाऱ्या जमिलाचा आवाज तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा आहे. मुलांच्या मालिकेत असा शेवट करायला छाती लागते.

त्यानंतरच्या 'अल्ट्रा सेव्हन' मालिकेचा आठवा भागही असाच. परग्रहावरचा मेट्रॉन एका साध्या खोलीत तातामीवर (जपानी गवती चटईवर) मांडी घालून बसलाय, समोर बुटकं टेबल, पलीकडे नायक दान. दोघं चक्क चर्चा करतात. माणसांचा एकमेकांवरचा विश्वास मोडला की पृथ्वी आपोआप हाती येईल, हा मेट्रॉनचा बेत. त्यासाठी सिगारेटमध्ये विषारी स्फटिक मिसळलेले. मग मावळत्या सूर्यासमोरची लढाई, बरीचशी काळ्या आकृतींतच.

'काइकी दाइसाकुसेन' या मालिकेतला क्योतोच्या बुद्धमूर्तींचा भाग अप्रतिम आहे. त्यावर सविस्तर लिहायचंय, म्हणून इथे थांबतो.

आता 'मुजो' (१९७०). आर्ट थिएटर गिल्ड या जपानी चित्रपटसंस्थेसाठी केलेला कृष्णधवल चित्रपट, लोकार्नो चित्रपट महोत्सवात 'गोल्डन लेपर्ड' या सर्वोच्च पुरस्काराच्या मानकऱ्यांपैकी एक. बहीण-भावाचे निषिद्ध संबंध आणि बुद्धमूर्ती घडवणारा शिल्पकार, असा जड विषय. पण कॅमेरा ओळखीचा निघाला: माणसं चौकटीच्या कडेला ढकललेली, मध्ये खांब नाहीतर वस्तू आडव्या आलेल्या, रुंद भिंगामुळे ताणलेले चेहरे. टीव्हीचे जिस्सोजी वेगळे आणि कलात्मक चित्रपटांचे वेगळे, हे मला तरी पटत नाही. म्हणूनच थेट 'मुजो'वर उडी मारू नका, आधी जमिलाला भेटा.

पुढे त्यांचे 'मंदारा' आणि 'उता' हे चित्रपट. २००५ च्या 'अल्ट्रामॅन मॅक्स'मध्ये त्यांनी मेट्रॉनला परत आणलंय, पण तो भाग क्रम मोडून बघणार नाही.