वस्तीचे ‘मूळ’ वर्ष कोणते?

शहरातली एखादी वस्ती बदलू लागली की ‘ही मूळची अशी नव्हती’ हे वाक्य हमखास कानावर येते, आणि मला कुतूहल असते ते त्यातल्या ‘मूळ’चे. बोलणाऱ्याच्या मनात एक ठरावीक काळ असतो. बहुतेक वेळा तो स्वतः किंवा त्याचे आईवडील तिथे राहायला आले तो. त्याआधी तिथे कोण राहत होते हे त्याला ठाऊक असले, तरी ते हिशेबात धरले जात नाही. वस्तीची ओळख म्हणजे पुष्कळ अंशी अशा एका वर्षाची निवड असते, असे माझे मत होत चालले आहे.

पूर्व लंडनमधील ब्रिक लेन आणि फोर्नियर स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर विटांची एक जुनी इमारत आहे. फ्रान्समधील धार्मिक छळामुळे परागंदा झालेल्या ह्यूगनो लोकांनी, ज्यांच्यातले कित्येक जण रेशीम विणणारे होते, ती १७४३ मध्ये प्रार्थनागृह म्हणून बांधली. १८१९ मध्ये ती मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाकडे गेली, १८९८ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी तिथे सिनेगॉग, म्हणजे त्यांचे प्रार्थनामंदिर, थाटले आणि १९७६ पासून तिथे बांगलादेशी समाजाची मशीद आहे. भिंतीवर उंचावर असलेल्या सूर्यघड्याळावर १७४३ हा आकडा अजून वाचता येतो, आणि त्याच इमारतीला लागून २००९ मध्ये चकचकीत पोलादी मनोरा उभा राहिला. या वस्तीचे मूळ वर्ष यांपैकी कोणते मानायचे? विणकरांचे म्हणावे, तर त्यांचे वंशज केव्हाच इतरत्र पांगले आहेत.

तरीही वस्तीने उत्तर दिले, आणि ते सहजासहजी दिलेले नव्हते. मे १९७८ मध्ये अल्ताब अली या तरुण बांगलादेशी कामगाराचा इथे वंशद्वेषातून खून झाला आणि त्याच्या शवपेटीमागून हजारो लोक पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. जवळच्या उद्यानाला १९९८ मध्ये त्याचे नाव मिळाले. पुढे २००२ च्या स्थानिक निवडणुकीपासून प्रभागाच्या अधिकृत नावात ‘बांगलाटाऊन’ आले. या नावामागे पर्यटक आणि गिऱ्हाईक खेचण्याचा व्यापारी हिशेबही होता, हे खरे. पण तेवढ्यावरून ते नाव खोटे ठरवण्याची घाई मी करणार नाही. ज्यांना रस्त्यावरून सुखरूप घरी पोहोचण्यासाठी झगडावे लागले, त्यांनी त्या रस्त्यावर आपले नाव लिहिले, तर त्यात व्यापार मिसळला म्हणून त्यांचा हक्क कमी होत नाही.

याच्या उलट प्रकार न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या वाट्याला आला. तिथल्या दक्षिण भागाला ‘सोहा’ (‘साउथ हार्लेम’चे लघुरूप) असे सुटसुटीत नाव देऊन घरे विकण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा २०१७ मध्ये रहिवाशांनी आणि लोकप्रतिनिधींनी त्याविरुद्ध जाहीर आवाज उठवला. गंमत अशी की हार्लेम हे नावसुद्धा सतराव्या शतकातल्या डच वसाहतकारांनी आपल्या मायदेशातल्या शहरावरून आणलेले, आणि कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून तिची ख्याती झाली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत. म्हणजे ज्या मूळ हार्लेमसाठी लोक भांडले, ते कालक्रमाने मूळ नव्हतेच. मला त्यांची बाजू पटते ती वेगळ्याच कारणाने: ‘सोहा’ हे नाव तिथे आधीपासून राहणाऱ्यांना उद्देशून नव्हतेच, त्यांच्या जागी येऊ शकणाऱ्यांना उद्देशून होते.

मात्र नावाच्या लढाईला किती महत्त्व द्यावे, याविषयी मी साशंक आहे. न्यूयॉर्कमधल्याच मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूच्या हेल्स किचन या भागाचे, कुप्रसिद्धी पुसून काढण्यासाठी, १९५९ मध्ये ‘क्लिंटन’ असे नामकरण झाले. लोक जुनेच नाव वापरत राहिले. पण १९७४ मध्ये याच ‘क्लिंटन’ नावाने त्या भागासाठी बांधकामाचे विशेष नियम झाले. इमारतींच्या उंचीवर मर्यादा आली आणि धडधाकट निवासी इमारती पाडण्यावर निर्बंध आले. घरमालकाने भाडेकरूंना छळून हुसकावल्याचे आढळले, तर त्या जागेवर मोठे फेरबदल करण्यापूर्वी त्याला कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरांची तरतूद करावी लागते. रहिवाशांना न रुचलेल्या नावाखाली त्यांचे राहणे टिकवणारा कायदा झाला. उलट ब्रिक लेनवर बंगाली नाव अधिकृत झाले, जवळच्या व्हाइटचॅपल स्थानकावर २०२२ मध्ये बंगाली पाटीही लागली, आणि तरीही त्याच काळात वाढत्या भाड्यांमुळे त्या रस्त्यावरची कितीतरी बांगलादेशी उपाहारगृहे बंद पडत गेली. म्हणून एखाद्या वस्तीने आपली ओळख जपण्यासाठी समिती नेमली आहे असे वाचले की मी आधी त्यांच्या मागण्यांत भाडेकराराविषयी काही आहे का ते शोधतो, आणि फलकांचा व कमानींचा मजकूर नंतर वाचतो.