विकत घेण्याआधी मोठ्याने वाचून पाहावे

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि रात्री एक तरी चित्रपुस्तक वाचून दाखवल्याशिवाय आमच्या घरातला दिवा मालवला जात नाही. फोंड्याहून पणजीला काही काम निघाले की मी पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात डोकावून येते. १८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयाच्या बालविभागात एका कोपऱ्यात बसून मी हाती लागलेल्या प्रत्येक पुस्तकाची दोन-तीन पाने हलक्या आवाजात वाचते, कारण नजरेला सुबक वाटणारे वाक्य जिभेवर आले की अडखळते, हे मी वारंवार अनुभवले आहे.

अनुवादित पुस्तकांच्या बाबतीत ही परीक्षा फार उपयोगी पडते. ‘त्याने आपली टोपी आपल्या डोक्यावर घातली’ असे वाक्य दिसले की मी पुस्तक खाली ठेवते; मराठीत कोणीही टोपी घालतो, ती डोक्यावरच असते. लिंगाचा घोळ तर मुलांच्या लगेच लक्षात येतो. मराठीत ससा ‘तो’, खार ‘ती’ आणि मांजर ‘ते’. चित्रात मिशा असलेले, छत्री घेतलेले खारीचे बाबा उभे असतात आणि मजकुरात ‘खार म्हणाली’ असे येते, तेव्हा मूल तिथेच थांबवून विचारते आणि गोष्टीचा धागा तुटतो. चांगला अनुवादक अशा ठिकाणी पात्राला एखादे नाव देऊन मोकळा होतो.

‘जोडाक्षरविरहित’ असे मुखपृष्ठावर छापलेले पुस्तक लहान मुलांसाठी उत्तम, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. मूल स्वतः अक्षरे लावून वाचू लागते त्या दिवसांत अशा पुस्तकांचा खरोखर आधार होतो. परंतु ऐकणाऱ्या कानाला जोडाक्षर म्हणजे काय हे ठाऊकच नसते, आणि ते टाळण्याच्या नादात कुत्रा, म्हैस, पक्षी, चंद्र आणि ‘पुन्हा’ एवढे सगळे गोष्टीतून हद्दपार होतात. ‘पुन्हा’ नसलेली गोष्ट लहान मुलाला कशी सांगायची, हे मला आजवर कळलेले नाही. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कोंकणीतील गोष्टी विनामूल्य वाचता येतात आणि तिथे पुस्तकांच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. त्या पातळ्या मुलाच्या स्वतःच्या वाचनासाठी आहेत, म्हणून वाचून दाखवायचे असेल तेव्हा मी निःशंकपणे एक पातळी वरची निवडते.

चित्रांविषयी माझी एकच अपेक्षा असते, ती म्हणजे मजकुराने जे सांगितले नाही ते चित्राने सांगावे. आमच्याकडे मासळी विकणाऱ्या बाईची एक साधी गोष्ट आहे. प्रत्येक पानावर तिच्या पाटीमागे एक करडे मांजर आहे आणि संपूर्ण मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. पहिल्या दोन वाचनांत ते मलाही दिसले नव्हते. तिसऱ्या रात्री मी पान उलटले आणि मुलीने माझा हात धरून विचारले, “आई, मांजर खंय गेलें?” त्या पानावर शेपटीचे टोक तेवढे दाराआड दिसत होते. मी मराठीत वाचते, ती कोंकणीत विचारते, आणि चित्र दोघींना सारखेच कळते. तेव्हापासून मी पाने उलटण्याची घाई करीत नाही.

मोठ्या कागदावर छापून घड्या घालण्याच्या पद्धतीमुळे चित्रपुस्तके बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. दोन वर्षांच्या माझ्या भाच्यासाठी सोळा पाने आणि पानाला एक वाक्य पुरते. मुलीला बत्तीसही कमी पडतात. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात मुख्य पात्राचा चेहरा नेमका मधल्या शिवणीत गेला असेल, तर मांडीवर बसलेल्या मुलाला तो दिसत नाही, म्हणून पुस्तक पूर्ण उघडून पाहावे. गोव्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. पिना मारलेली पुस्तके जूनमध्ये कपाटात ठेवली, तर चतुर्थीपर्यंत पिना गंजून पानांवर तांबूस डाग उमटतात. दोऱ्याने शिवलेले पुस्तक थोडे महाग पडले तरी मी तेच घेते.

एवढे करूनही पहिल्याच भेटीत पुस्तक विकत घेणे मी सोडून दिले आहे. ग्रंथालयातून आणलेले पुस्तक मुलीने आपणहून तिसऱ्यांदा मागितले, तरच ते खरेदीच्या यादीत जाते. मासळीवालीचे पुस्तक असेच आले. आता त्यातले मांजर कोणत्या पानावर कुठे आहे हे तिला तोंडपाठ आहे, आणि भाचा आला की ती त्याला मजकुरातले एकही वाक्य न वाचता फक्त मांजराची गोष्ट सांगते.