काळ्या मातीत लिफ्टचा उपयोग नाही: पैठण ते धारूर, जिप्सीने

पावसाळ्यात गोदाकाठ आणि बालाघाटचे डोंगर एका फेरीत करायचा विचार असेल तर निकाल आधीच सांगतो. गाडी उंच करण्यात पैसे घालू नका. टायर, ब्रीदरची (ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्राची) नळी आणि ऑइल सील (ऑइल गळू न देणारी रबरी कडी) यांवर घाला. मला हे उलट्या क्रमाने सांगितलं गेलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी मारुतीची जिप्सी किंग. पुढे-मागे सलग ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा एकच कणा), चारही चाकांना कमानपाटे. निघण्याआधी शहरातल्या एका ऑफ-रोडवाल्या दुकानात ‘तीन इंच लिफ्ट’ बसवली. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, “भाऊ, आता चिखलात फसलात तर मला फोन करा.” किट म्हणजे लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला टांगणारी झुलती पट्टी) आणि प्रत्येक चाकाच्या पाट्यांत एक जादा पाटा. बिल अठरा हजार. परत आल्यावर जालन्याच्या एका पाटेवाल्याला तोच माल दाखवला, त्याने मजुरीसकट निम्म्याहून कमी सांगितला.

पैशांपेक्षा वाईट गोष्ट वेगळीच आहे. शॅकल दोन इंच लांब केला की गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं दुसरं टोक चेसिसला पिनमध्ये अडकलेलं असतं. बाकीची उंची जादा पाट्याने येते आणि त्याने पाटे कडक होतात. खड्ड्यात चाक खाली सुटायला हवं ते सुटत नाही, हवेत लटकतं आणि फिरत राहतं. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. तो लांब केला की ॲक्सल किंचित पुढे झुकतो, कास्टर (चाक वळतं त्या आसाचा मागचा कल, जो स्टेअरिंग सरळ ठेवतो) कमी होतो. पैठण रस्त्यावर सत्तरच्या पुढे स्टेअरिंग भरकटत होतं ते त्यामुळे. दुकानातलं यावरचं उत्तर होतं, “अलाइनमेंट करून घ्या.” सलग ॲक्सलच्या गाडीत टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) जुळवता येतो, पण कास्टर सुधारायला पाट्याच्या बैठकीत तिरकी पट्टी घालावी लागते. हे त्यांना माहीत नसेल तर त्यांनी किट विकू नये.

आता तो रस्ता. पैठणहून उजव्या कालव्याच्या बाजूने गेवराई तालुक्यात उतरलं की राक्षसभुवनपर्यंत नदीकाठची जमीन काळीभोर आहे. पोळा होऊन गेला होता, रात्री पाऊस पडलेला, सकाळी ऊन. डांबरी रस्ता सोडून उसामधल्या एका पाणंदीने नदीकडे निघालो. पहिले शंभरेक मीटर गाडी मजेत गेली. मग माती टायरला चिकटायला लागली. ही माती पाणी पिऊन फुगते, नक्षीत बसते आणि चाक फिरवून निघत नाही. थोड्याच वेळात चारही टायर गुळगुळीत झाले आणि मडगार्डपर्यंतची जागा भरून आली. चाकं चाकोरीत खाली गेली, मधला उंचवटा मागच्या डिफ्रन्शियलला (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याला) लागला आणि गाडी त्यावर बसली.

इथे लिफ्टचा हिशेब उघडा पडतो. जिप्सीचा ग्राउंड क्लीअरन्स 210 मिलिमीटर आहे आणि तो डिफ्रन्शियलखाली मोजलेला आहे. पाटे, शॅकल, बॉडीखालचे ठोकळे, काहीही लावा, वर जाते ती चेसिस आणि बॉडी. ॲक्सल जमिनीपासून तेवढाच राहतो. ॲक्सल उचलायचा उपाय एकच, मोठा टायर. कंपनीचा 205/70 आर 15 सुमारे 668 मिलिमीटर उंच. 215/75 घेतला तर 703, म्हणजे ॲक्सल साधारण 18 मिलिमीटर वर. 235/75 घेतला तर 733, म्हणजे 33 मिलिमीटर वर. पण त्याला घासू नये म्हणून थोडी लिफ्ट लागते, गिअर दहा टक्के जड होतात आणि 1.3 लिटरचं इंजिन घाटात रडतं. मराठवाड्यासाठी 215/75 मड टायर पुरे. चिखलात उतरण्याआधी हवा पंधरा-सोळा पीएसआयवर आणा आणि डांबरावर येताच परत भरा, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर जवळ हवाच. ॲक्सल पाट्यांच्या खाली घेण्याचा प्रकार कुणी सुचवला तर सरळ उठून या. पाचेक इंच उंची मिळते, पण स्टेअरिंगच्या दांड्या, ब्रेकच्या नळ्या, शाफ्ट सगळंच बदलावं लागतं आणि आपल्याकडे त्याच्या जोगा रस्ता नाही.

शेजारच्या शेतातले एक काका बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, “आवो दादा, पाऊस झाल्यावर इकडं आमी बैलगाडी बी घालत न्हाई. ही माती उंच-बुटकं बघत न्हाई.” त्यांचा ट्रॅक्टर दुसऱ्या शेतात होता. ज्याचा मिळाला त्याने आधी तीन हजार मागितले. दोरी बांधून झाल्यावर साडेतीन केले. काका मध्ये पडले म्हणून दोन हजारांवर मिटलं. भाव ठरल्याशिवाय दोरी बांधू देऊ नका, आणि जमलं तर गावातल्या कुणाला शेजारी उभं करूनच बोला. खुद्द राक्षसभुवनला जायला डांबरी रस्ता आहे. पावसानंतर तोच घ्या. पाणंद किमान चार उन्हं खाल्ल्याशिवाय नको.

गेवराईच्या पुढे मागच्या डिफ्रन्शियलखाली ओल दिसली. वाटेतल्या एका गॅरेजने पिनियनचं (शाफ्ट डिफ्रन्शियलला जोडतो तिथल्या गिअरचं) ऑइल सील बदललं, शंभर-दीडशेच्या सीलची मजुरी बाराशे घेतली. मांजरसुंब्याचा घाट चढून सौताड्याला पोचेपर्यंत पुन्हा गळती. धबधबा भरून वाहत होता, खालच्या रामेश्वराच्या देवळापर्यंत उतरून आलो, सगळं छान होतं, पण डोकं गाडीखालीच होतं. अंबाजोगाईचा मुक्काम चांगला झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही.

धारूरचा घाट तेलगावच्या बाजूला उतरताना मात्र ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायला लागली. अरुंद घाट, समोरून ट्रॉल्या. दुसऱ्या गिअरवर, जवळजवळ ब्रेक न लावता खाली आलो. तेलगावला एका छोट्या गॅरेजात मिस्त्रींनी डाव्या मागच्या ब्रेकचा ड्रम उघडला. आत लायनर (ब्रेकची घासणारी पट्टी) ऑइलने चिंब. सीलला हातही न लावता त्यांनी आधी ॲक्सलच्या हौसिंगवरचा ब्रीदर शोधला. गेवराईची माती त्यात सिमेंटसारखी बसली होती. तार घातली आणि आतून फस्सकन हवा आली. “साहेब, सील किती बी बदला, हवेला वाट न्हाई तर ती ऑइल घेऊनच भाईर येनार,” ते म्हणाले.

साधी गोष्ट आहे. हायवेवर चालून ॲक्सल तापतो, आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर ती सीलमधून ऑइल ढकलते, पिनियनमधून आणि चाकांकडूनही. उलटही होतं. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात घातला की हवा आकसते आणि सील पाणी आत ओढतात. माझं ऑइल दुधाळ झालेलं होतं, म्हणजे दोन्ही घडलं होतं. ओढ्यात उतरण्याआधी दहा मिनिटं गाडी थांबवून ॲक्सल थंड होऊ द्या. परतल्यावर ड्रेन प्लग सैल करून दोन थेंब बघा. दुधाळ दिसलं तर ऑइल त्याच दिवशी बदला, नव्वद नंबरचं, जीएल-5.

लिफ्टही यात सामील आहे. गाडी उचलली की मागच्या प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, थरथर पिनियनपर्यंत जाते आणि सील लवकर झिजतं. दुकानदाराने ना कोन मोजला, ना ब्रेकच्या रबरी नळ्यांची लांबी पाहिली. चाक पूर्ण लटकल्यावर पुढची डावी नळी तारेसारखी ताठ होत होती. लिफ्ट केलेली गाडी चेसिसवर जॅक लावून उचलायची, चाकं सुटी लटकू द्यायची आणि नळ्या बघायच्या. हे स्वतः, दुकानातून निघण्याआधी करा.

गळती शोधायची तर खालचा भाग डिझेलने धुवा, सुकू द्या, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा आणि वीसेक किलोमीटर फिरून या. वाऱ्याने ऑइल मागे उडतं, म्हणून जिथे जास्त ओल तिथेच गळती असं नसतं. सगळ्यात पुढची, सगळ्यात वरची ओली रेघ पकडा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिनचं ऑइल काळं असतं, ब्रेक ऑइल पातळ असतं आणि रंग उचकटतं. पुढच्या टायरच्या आतल्या बाजूला ग्रीस आणि ऑइलचा काळा राडा दिसला तर नकलमधलं (पुढचं चाक वळतं त्या सांध्यातलं) आतलं सील गेलंय. फक्त बाहेरचं बदलणारा मिस्त्री पैसे खातोय. पिनियन सील बदलताना नट किती घट्ट होता याची खूण न करता कुणी पाना लावला तर तिथेच थांबवा, नाहीतर पुढे बेअरिंग बोंबलतं. फ्लँजवर (पिनियनला शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्यावर) सीलने घासून खाच पडली असेल तर नवं सील त्या खाचेवर बसू नये, थोडं पुढे-मागे बसवायला सांगा.

महिंद्राची जुनी डिझेल (सीआरडीई) थार असेल तर पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी लांब सळई) आहे. तो पिळून पुढचा भाग उचलून देणारे बरेच आहेत. त्याने चाकाची खाली जायची जागा संपते आणि शाफ्टचे रबरी बूट फाटून ग्रीस उडतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे असे बदल आरटीओसमोर अडचणीचे ठरतात आणि विम्याचा दावा अडकू शकतो, हेही दुकानात कुणी सांगत नाही.

मी जादा पाटे काढून टाकले, कंपनीचे शॅकल परत लावले, 215/75 टायर घातले. दोन्ही ॲक्सलच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून पुढची इंजिनशेजारी फायरवॉलपर्यंत वर नेली, मागची मागच्या दिव्याच्या पोकळीत. खर्च चारशेच्या आत. जिप्सी शोरूममध्ये येणं केव्हाच बंद झालंय आणि बीडच्या पुढे तिचे सील दुकानात मिळतील या भरवशावर राहू नका. पिनियन, दोन्ही मागच्या चाकांचे आणि नकलचे सील, एक जॉइंट क्रॉस (प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस) आणि दोन लिटर गिअर ऑइल छत्रपती संभाजीनगरहून घेऊनच निघा.